रेझोल्यूट ते ग्रीस फियॉर्ड : हवाई अंतर आणि वेळ काढताना या चुका टाळा

कॅनडाच्या नुनावुतमध्ये, आर्क्टिक बेटांवर, हे दोन छोटे विमानतळ आहेत. रेझोल्यूट बे 74.7 उत्तर, 95 पश्चिम. ग्रीस फियॉर्ड 76.4 उत्तर, 82.9 पश्चिम. (या ग्रीसचा त्या ग्रीसशी काही संबंध नाही. नॉर्वेजियन भाषेत ग्रीस म्हणजे डुक्कर.) दोन्ही गावांना जोडणारा रस्ता नाही. हवाई अंतर सुमारे 384 किलोमीटर. तुमचं उत्तर वेगळं आलं असेल, तर त्या आकड्यावरूनच चूक ओळखता येते.

1,350 आलं? रेखांशाचा प्रत्येक अंश तुम्ही 111 किलोमीटरचा धरलात. तेवढा तो फक्त विषुववृत्तावर असतो. मुंबईच्या अक्षांशावर 105 भरतो आणि इथे जेमतेम 28, कारण सगळी रेखावृत्तं ध्रुवाकडे एकवटत जातात. म्हणजे 12 अंशांचे 1,340 नव्हे, 335 किलोमीटर. उत्तरेकडचे 190 घेऊन शाळेतलं पायथागोरसचं प्रमेय लावा, 385 येतील. एवढ्या कमी अंतराला हा गावठी हिशेब चालतो. लांबच्या जोडीला हॅवरसाइन सूत्रच हवं, म्हणजे गोल पृथ्वीवरचं अंतर काढणारं सूत्र. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून मोजणाऱ्यांचंही असंच होतं. मर्केटर नकाशा, म्हणजे गोल पृथ्वी सपाट आयतात मांडणारा नेहमीचा नकाशा, या भागाला चौपट ताणतो.

3,200 आलं असेल, तर एका पश्चिम रेखांशाचं उणे चिन्ह राहिलंय (हिशेबात पश्चिम रेखांश उणे धरतात). तो विमानतळ सायबेरियाच्या बाजूला गेला आणि तुमचं विमान जवळपास ध्रुवावरून उडालं! गंमत अशी, की दोन्ही उणे विसरलात तर अंतर बरोबर येतं आणि चूक लपून राहते. भलतंच काहीतरी आलं, तर एक्सेलमध्ये अंशांचे रेडियन (कोन मोजायचं दुसरं एकक, एक्सेलची सूत्रं तेच धरतात) केलेत का ते बघा. 207 हे नॉटिकल मैल, 239 साधे मैल. ती चूक नव्हे.

वेळेत मात्र जास्त लोक फसतात. ऑनलाइन कॅल्क्युलेटर बहुधा जेटचा वेग धरतात, ताशी 800 वगैरे, आणि तासाभरात पोचवतात. ग्रीस फियॉर्डची धावपट्टी खडीची, आखूड, डोंगराला लागून. तिथे ट्विन ऑटरसारखं छोटं पंख्याचं विमान जातं, ताशी 270च्या आसपास. म्हणजे साधारण 1 तास 25 मिनिटं. समोरून ताशी 50 किलोमीटरचा वारा असेल तर पावणेदोन तास, पाठीशी असेल तर सव्वा तासाच्या आत.

त्यात घड्याळ. ग्रीस फियॉर्ड रेझोल्यूटच्या एक तास पुढे आहे. सकाळी दहाला निघालेलं विमान तिथल्या साडेबाराच्या सुमाराला उतरतं. वेळापत्रकातल्या दोन स्थानिक वेळा थेट वजा केल्यात तर जाताना अडीच तास आणि येताना जेमतेम अर्धा, असं चमत्कारिक उत्तर मिळेल. आणि धुकं बसलं, तर हे सगळं गणित रेझोल्यूटमध्येच बसून राहतं.