नववीच्या वर्गाला जुनी कादंबरी वाचायला द्यायची असेल तर

नववी-दहावीच्या मुलांना जुनी, नावाजलेली कादंबरी सक्तीने वाचायला लावावी की नाही, हा वाद शिक्षकांच्या खोलीत दर जूनमध्ये निघतो, आणि ज्यांना ती वाचायची असते त्यांना मात्र कोणी काही विचारत नाही. मी सांगली जिल्ह्यात, द्राक्षबागांनी वेढलेल्या एका गावच्या माध्यमिक शाळेत मराठी शिकवतो. वर्गातल्या मुलांनी वेळोवेळी जे सांगितले, लिहून दिले आणि कधी नुसतेच मान खाली घालून सुचवले, त्यावरून माझे मत असे झाले आहे की मुलांचा राग जुन्या कादंबरीवर क्वचितच असतो. तो कादंबरी संपल्यावर मागितल्या जाणाऱ्या हिशेबावर असतो. सक्ती करायचीच असेल तर ती नेमकी कशाची करावी, हे ठरवण्याची माझ्या वर्गात रुळलेली पद्धत येथे सांगत आहे. ती शिक्षकांसाठी आहे, तशीच घरी मुलांपुढे पुस्तक ठेवणाऱ्या पालकांसाठीही आहे.

राज्य मंडळाच्या ‘कुमारभारती’त उतारे, पाठ आणि कविता असतात, संपूर्ण कादंबरी नेमलेली नसते. म्हणजे आपण करतो ती सक्ती मंडळाची नसून आपली स्वतःची असते, आणि म्हणूनच ती बदलणेही आपल्याच हाती असते. मी ती पहिल्यांदा केली तेव्हा फार चुकीच्या रीतीने केली. दिवाळीच्या सुट्टीत व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ वाचून दोन पानी सारांश आणायला सांगितला. सुट्टी संपल्यावर चाळीसेक वह्या टेबलावर आल्या, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक वह्यांची सुरुवात एकाच वाक्याने झालेली होती: ‘या कादंबरीत ग्रामीण जीवनाचे वास्त्व चित्रण केले आहे.’ ‘वास्तव’ या शब्दातली चूकसुद्धा सगळीकडे तीच होती. एका मुलीच्या वहीत मात्र दोनच ओळी होत्या: ‘मास्तर अंधारात एकटा चालत जातो तिथपर्यंत वाचले. मग छाटणी सुरू झाली.’ मी तिच्या वहीवर ‘अपूर्ण’ असा शेरा मारला. त्या ढिगातली खरी वही तेवढीच होती, हे कळायला मला बराच काळ लागला.

आधी विचारावे, मग निवडावे

पुस्तक ठरवण्याआधी जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मुलांकडून निनावी चिठ्ठ्या घ्याव्यात. ‘तुम्हाला वाचन आवडते का?’ असे मात्र विचारू नये. त्यावर सगळा वर्ग ‘हो, वाचनाने ज्ञान वाढते’ असेच लिहितो, कारण निबंधात तेच लिहायची त्यांना सवय असते. त्याऐवजी असे विचारावे की अर्धवट सोडलेले शेवटचे पुस्तक कोणते, ते साधारण कितव्या पानावर सोडले, आणि त्या दिवसांत घरी काय चालले होते. दुसरा प्रश्न असा असावा की कोणी भाग पाडले म्हणून हातात घेतलेले, पण नंतर आवडलेले असे काही आहे का. अक्षरावरून सर आपल्याला ओळखतात हे मुलांना पक्के ठाऊक असते, म्हणून या चिठ्ठ्या दुसऱ्या तुकडीच्या शिक्षकांनी वाचाव्यात आणि आपल्याला फक्त उत्तरे सांगावीत, म्हणजे मुले मोकळेपणाने लिहितात.

माझ्याकडे येणाऱ्या उत्तरांत ‘हे पेपरला येणार नाही, मग कशाला’ असे लिहिणारे असतात, तसेच ‘सक्ती नसती तर मी एकही कादंबरी वाचली नसती, म्हणून सक्ती असावी’ असे सरळ लिहिणारेही दोन-चार जण दरवर्षी निघतात. त्यांचे म्हणणे बाजूला टाकू नये. ज्या घरात पाठ्यपुस्तकाखेरीज दुसरे पुस्तक नाही, त्या मुलाच्या हातात कादंबरी जाण्याचा एकमेव मार्ग बहुधा शाळाच असते. पण मला सर्वांत जास्त विचार करायला लावणारी चिठ्ठी वेगळीच होती. तीत लिहिले होते: ‘पुस्तकातली माणसं आमच्या आजीसारखं बोलतात. आम्ही तसं पेपरात लिहिलं की गुण जातात. मग पुस्तकात तसं लिहिलेलं चांगलं कसं?’ या प्रश्नाला वर्गात एक पूर्ण तास द्यावा, असे मी प्रत्येक शिक्षकाला सांगेन. कथनाची भाषा आणि संवादाची भाषा यांतला फरक, माणदेशी बोलीतले एखादे वाक्य प्रमाण भाषेत आणले की त्यातून नेमके काय गळून जाते, आणि परीक्षेची उत्तरपत्रिका वेगळी भाषा का मागते, हे सगळे या एका चिठ्ठीतून शिकवता येते. आणि मूल आपल्याच घरची भाषा छापलेली पाहून लाजण्याऐवजी ती मोठ्याने वाचू लागते.

निवड करताना पानांची संख्या, गावाशी असलेले नाते आणि चौदा वर्षांच्या मुलाला कळेल असा जीवनानुभव, या तीन गोष्टी पाहाव्यात. ‘बनगरवाडी’ १९५५ ची. तिचे लेखक आटपाडी तालुक्यातील माडगूळचे, आणि कादंबरी आकाराने लहान. तरुण मास्तर धनगरांच्या वस्तीवर शाळा चालवायला जातो, मेंढ्यांमागे जाणारी मुले शाळेत येत नाहीत, गाव एकत्र येऊन तालीम बांधते आणि शेवटी दुष्काळाने वस्ती ओस पडते. यातले काहीही आपल्या मुलांना परके वाटत नाही. अण्णाभाऊ साठे यांची ‘फकिरा’ १९५९ ची, लेखक वाळवा तालुक्यातील वाटेगावचे. तिची गती अशी आहे की एरवी पुस्तकाकडे न फिरकणारी मुलेही जोगणी (गावाला जत्रेचा मान मिळवून देणारी वस्तू) आणण्याच्या प्रसंगापासून ती खाली ठेवत नाहीत. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ मोठी आहे, वाक्येही लांब आहेत. पण यमू स्वतःची हकिगत स्वतःच सांगत असल्यामुळे मुलींना ती जवळची वाटते. ती सबंध देण्याऐवजी निवडक प्रकरणे द्यावीत. वि. स. खांडेकर १८९८ मध्ये सांगलीत जन्मले आणि ‘ययाति’ला पुढे ज्ञानपीठ मिळाले, म्हणून ती नववीला द्यावी असा आग्रह काही जण धरतात. माझे मत त्याच्या विरुद्ध आहे. तृप्ती आणि वासना यांविषयीची ती कादंबरी अकरावी-बारावीनंतर वाचली तर उमजते. त्याआधी ती केवळ गौरवासाठी वाचवून घेतल्यासारखी होते.

यांपैकी तीन पुस्तकांची पहिली तीन-तीन पाने शिक्षकाने वर्गात स्वतः मोठ्याने वाचावीत, लेखकाचे नाव आणि पुरस्कार आधी सांगू नयेत, आणि मग मुलांनी हात वर करून निवड करावी. आपल्या निवडीचे पुस्तक वाचताना मुलांची तक्रार निम्म्याने कमी होते, हा माझा दरवर्षीचा अनुभव आहे.

‘फकिरा’ निवडली गेल्यास एक काळजी अवश्य घ्यावी. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा काय होता, एखाद्या जमातीत जन्म झाला एवढ्यावरून माणसाला गुन्हेगार ठरवून पोलिसांपुढे हजेरी द्यायला लावणे म्हणजे काय, आणि तो कायदा स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये रद्द झाला, हे वाचनाआधी शिक्षकाने स्वतः समजावून द्यावे. वर्गातल्या एखाद्या मुलाकडे वळून ‘तुमच्याकडे असेच असते का?’ असे कधीही विचारू नये. त्या एका प्रश्नाने ते मूल वर्षभरासाठी वर्गात एकटे पडते. कोणी आपण होऊन सांगितले तर गोष्ट वेगळी. आमच्याकडे ‘बनगरवाडी’च्या वेळी एका मुलाने उठून ‘वाघर’ म्हणजे रात्री मेंढ्या कोंडायची जाळी, ती खुंट्यांना कशी ताणतात हे दोन्ही हात पसरून दाखवले होते. त्याला कोणी विचारले नव्हते.

वेळ आणि प्रती

द्राक्षपट्ट्यात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छाटणी असते आणि पुढे विरळणीपर्यंत घरातली मोठी मुले सुट्टीच्या दिवशी बागेतच असतात. ऊसपट्ट्यात दिवाळीनंतर तोड सुरू होते. म्हणून कादंबरी दिवाळीच्या सुट्टीत न देता जुलै ते सप्टेंबरच्या पूर्वार्धात, पावसाळ्यात, हप्त्याहप्त्याने वाचावी. यात नवे काही नाही; आपट्यांची कादंबरी १८९० मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिकातून वाचकांकडे क्रमशःच गेली होती. मोठ्याने वाचताना एका पानाला दोन-अडीच मिनिटे लागतात, म्हणजे आठवड्यातल्या एका तासिकेत दहा-बारा पाने होतात, आणि तेवढीच पाने मुलांनी घरी वाचली तर लहान कादंबरी सहा-सात आठवड्यांत पुरी होते.

चाळीस प्रती मिळणे अवघड असते. चौघांत एक प्रत पुरते. शाळेचे ग्रंथालय, तालुक्याचे वाचनालय आणि माजी विद्यार्थी यांच्याकडून दहा प्रती जमतात. झेरॉक्स काढण्याचा मोह टाळावा. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क राहतो, त्यामुळे आपटे (निधन १९१९) आणि साने गुरुजी (निधन १९५०) यांचे लेखन मुक्त झाले आहे. अण्णाभाऊंचे १९६९ मध्ये आणि माडगूळकरांचे २००१ मध्ये निधन झाल्याने त्यांच्या पुस्तकांना हे लागू नाही. सहल काढता आली तर सातारा जिल्ह्यातील भिलारला काढावी. २०१७ पासून तेथे घरोघरी पुस्तके मांडलेली आहेत, आणि कोणी न सांगता मुले पुस्तक उचलून भिंतीला टेकून वाचत बसतात.

सक्ती कशाची, आणि नंतर काय विचारावे

माझ्या वर्गात सक्ती फक्त पहिल्या चाळीस पानांची असते. तेवढी प्रत्येकाने वाचलीच पाहिजेत, कारण जुन्या कादंबरीची भाषा कानात बसायला तेवढा अवधी लागतो, आणि दहाव्या पानावर सोडणाऱ्याला पुस्तक आवडले नाही की समजले नाही हे त्याचे त्यालाही कळलेले नसते. चाळीस पानांनंतर सोडण्याची मुभा असते. सोडणाऱ्याने पान क्रमांक आणि कारण लिहून द्यायचे. ‘कंटाळा आला’ हे कारण चालते, पण कोणत्या ओळीपासून कंटाळा आला ते दाखवावे लागते. ही ओळ शोधताना काही मुले पुढे वाचत जातात. काही खरोखरच सोडतात, आणि त्यांना गुण कमी होत नाहीत, कारण या वाचनाला गुणच नसतात. दहावीच्या अंतर्गत वीस गुणांत हे बसवावे असे सुचवणारे सहकारी आहेत. पण गुण आले की सारांश येतो, आणि सारांश आला की ‘वास्त्व’ येते.

वाचून झाल्यावर मी सारांश, स्वभावचित्र किंवा ‘लेखकाचा संदेश’ मागत नाही. वस्तीचा नकाशा काढायला सांगतो: शाळा कुठे, कारभाऱ्याचे घर कुठे, तालीम कुठे. हा नकाशा पुस्तक वाचल्याशिवाय काढता येत नाही, आणि दोन गटांचे नकाशे जुळले नाहीत की मुले पाने उलटून एकमेकांशी भांडू लागतात. दुसरे काम असे की एक पान घरी आजी-आजोबांना वाचून दाखवायचे आणि ते मध्येच काय बोलले ते शब्दशः लिहून आणायचे. ज्या पालकांना कादंबरी म्हणजे अभ्यासातला व्यत्यय वाटतो, त्यांचा विरोध या कामाने पुष्कळ मावळतो.

सोडलेल्या पानांच्या चिठ्ठ्या आणि नकाशे मी एका मोठ्या पाकिटात घालून कपाटात ठेवतो. जूनमध्ये नवा वर्ग आला की पुस्तक निवडण्याआधी ते पाकीट त्यांच्यापुढे उघडतो. यंदा त्यात सर्वांत वर असलेल्या चिठ्ठीवर लिहिले आहे: ‘पान ८७. कंटाळा आला नाही. गाव ओस पडणार हे सरांनी आधीच सांगितले म्हणून पुढे वाचवले नाही.’