गणपतीआधी फोटोची पोस्टकार्डं छापायची तर

सगळ्यात आधी पेन आणा. कागद नंतर, केमिकल नंतर, एन्लार्जरवरची (निगेटिव्हचं चित्र मोठं करून कागदावर पाडणाऱ्या यंत्रावरची) धूळ त्याहून नंतर. गेल्या वर्षी मी पेन सोडून सगळं आणलं होतं. गणपतीला गावी या म्हणून मुंबईकडच्या मंडळींना अठ्ठावीस कार्डं पाठवायची होती. घराचा फोटो, मागे माडांमधून समुद्राची पट्टी. दोन रात्री जागून छापली, आणि खोटं कशाला बोलू, सुरेख आली होती. तिसऱ्या रात्री हाताला लागेल त्या निळ्या जेल पेनानं मजकूर नि पत्ते लिहिले, गठ्ठा केला, कार्डं वळू नयेत म्हणून वर तांदळाचा डबा ठेवला आणि झोपलो. सकाळी बघतो तर प्रत्येक कार्डाच्या आभाळात वरच्या कार्डावरचा पत्ता उलटा उमटलेला. डोंबिवलीचा पिनकोड आमच्या कौलांवर. ओल्या फडक्यानं पुसायला गेलो तर मागचा पत्ताही गेला. त्यातल्या त्यात बरी होती ती नऊ टाकली. आत्येचा फोन आला, "कार्ड मिळालं रे, पण समुद्रावर ह्या निळ्या मुंग्या कसल्या?"

दोष पेनाचा नव्हता, मी छापलं त्या आरसी कागदाचा होता. आरसी (रेझिन कोटेड) कागद म्हणजे मधे कागद आणि दोन्ही अंगांना प्लॅस्टिकचा पातळ थर. म्हणून तो केमिकल पीत नाही, झटकन धुतला जातो, झटकन वाळतो. शाईही पीत नाही ती त्याचमुळे. जेलची किंवा फाउंटन पेनाची शाई वर नुसती बसून राहते, आणि श्रावणात आमच्याकडे मीठसुद्धा वाळत नाही, तिथे ती काय वाळणार? म्हणून चार पेनं आणा, त्याच पाकिटातल्या वाया गेलेल्या तुकड्याच्या मागे एकेक ओळ लिहा, रात्रभर ठेवा आणि सकाळी ओला अंगठा घासा. जे टिकेल ते पेन. माझ्याकडे सीडीवर लिहायचा बारीक परमनंट मार्कर टिकला. बॉलपेनही बऱ्यापैकी टिकलं, पण दाबून लिहिलं की अक्षरं पुढच्या बाजूनं फोटोत उठतात. ही परीक्षा छपाईच्या आधी घ्यायची. नंतर नाही.

आता कागद. आपल्या पोस्टकार्डाचं माप १४ बाय ९ सेंटीमीटर. आठ बाय दहा इंची कागदातून अशी तीन कार्डं निघतात, दोन उभी आणि एक आडवं. उरलेल्या पट्ट्या टेस्ट स्ट्रिपला, म्हणजे उजेड किती वेळ द्यायचा ते आधी तपासायला. पातळ कागद घेऊ नका, पोस्टात चुरगळतो. फायबर कागद (प्लॅस्टिकचा थर नसलेला) घेणार असाल तर त्याची पाठ खऱ्या कागदाची असते, शाई पिते, लिहायला सुख. पण साधी शाई पोस्टमनच्या थैलीत एक सर लागली की पसरते. म्हणजे तिथेही पेन तपासा. कापाकापी लाल दिव्यात करायची आहे, तेव्हा कटरवर मापाच्या खुणा आधीच चिकटपट्टी लावून करून ठेवा. अंधारात पट्टी शोधत बसलो होतो, त्यात अर्धा तास गेला.

एन्लार्जर नसेल तरी अडत नाही. मोठी निगेटिव्ह असेल तर कागदावर ठेवा, वर काच, वर बल्ब, झालं. १९०३ साली कोडॅकनं पोस्टकार्डाएवढी निगेटिव्ह देणारा कॅमेराच काढला होता, लोक घरी असंच छापायचे. फोटोतच 'गणपतीला या' असं पांढऱ्या अक्षरांत हवं असेल तर पारदर्शक प्लॅस्टिकवर काळ्या मार्करनं लिहून तो तुकडा एक्स्पोजरच्या वेळी कागदावर सुलटा ठेवा. काळं तेवढा उजेड अडवतं, तिथे कागद पांढरा राहतो. आकाशावर ठेवू नका, आकाश आधीच पांढरं असतं, मजकूर दिसत नाही. माडांच्या गर्दीत ठेवा.

डार्करूम म्हणजे आमची न्हाणी. कौलारू घर असेल तर दिवसा हा उद्योग करू नका. दार लावून दहा मिनिटं उभे राहा, मग कळतं कौलांतून किती ठिकाणी ऊन गळतं ते. रात्रीच बसा, आणि शेजारच्यांच्या खळ्यातला दिवा खिडकीतून येतो का बघा. लाल दिवा खरा सेफलाइट हवा, म्हणजे फोटोचा कागद काळा न करणारा. सजावटीच्या माळेतला लाल बल्ब चालेल असं कुणी सांगितलं तर आधी कागदाच्या तुकड्यावर एक रुपयाचं नाणं ठेवा, पाच मिनिटं त्या दिव्यात राहू द्या, आणि मग तुकडा डेव्हलप करा. नाण्याचा गोल उमटला तर तो बल्ब परत माळेत लावा.

तीन ट्रे, तीन चिमटे, थर्मामीटर. स्वयंपाकघरातली भांडी नकोत, हे सांगायला नको. हातही घालू नका. डेव्हलपर म्हणजे चित्र उमटवणारं केमिकल; त्यातल्या मेटॉलनं काही जणांच्या बोटांना खाज सुटते ती महिनाभर जात नाही. डेव्हलपर २० अंशांला चालवायचा असतो आणि आपल्या विहिरीचं पाणी पंचविसाच्या खाली क्वचितच असतं. पाणी गरम असलं की चित्र भराभर काळं होतं, कागदावरचा जिलेटिनचा थर मऊ पडतो, चिमट्याचा ओरखडा उठतो. पाण्याच्या दोन बाटल्या फ्रीजरमध्ये आदल्या दिवशी ठेवा, ट्रे स्वयंपाकाला न लागणाऱ्या मोठ्या परातीत ठेवा आणि बाटल्या परातीत फिरवा. डेव्हलपरमध्ये थेट बर्फ टाकू नका, आणि बंदरावरचा मासळीचा बर्फ तर मुळीच नको, घरात दोन दिवस कोणी न्हाणीत जात नाही. वीज जाणार आहे असं धरूनच चला. कागदाचं काळं पाकीट प्रत्येक वेळी बंद करा; दिवे परत येतात तेव्हा घरातलं कोणीतरी नेमका न्हाणीचा मोठा दिवा लावून बघतं.

पेन आणलंत का?

धुण्याबद्दल एक गंमत. डेव्हलपर आणि फिक्सर (उमटलेलं चित्र पक्कं करणारं केमिकल) पिण्याच्या पाण्यात कालवा, पण आपली विहीर जराशी मचूळ असेल तर कुरकुरू नका. खारं पाणी कागदातला हायपो (फिक्सरचा उरलेला अंश) साध्या पाण्याहून लवकर काढतं. फक्त शेवटचं पाणी गोडं हवं, नाहीतर मीठ कागदात राहतं. हे मुख्यतः फायबरसाठी, ज्याला तास-तासभर धुवावं लागतं. आरसीला दोन-तीन मिनिटं वाहतं पाणी पुरे, जास्त भिजवलं तर कडांमधून पाणी आत शिरतं. हायपो नीट गेला नाही तर पुढच्या गणपतीपर्यंत कार्ड पिवळं पडतं. वापरलेला फिक्सर विहिरीजवळ किंवा माडाच्या आळ्यात ओतायचा नाही, त्यात चांदी असते. कॅनमध्ये साठवा.

वाळवायला दोरी आणि कपड्यांचे चिमटे. पावसात पंखा लावा. वरून कोरडी वाटली तरी एकावर एक ठेवू नका, जिलेटिन जिलेटिनला चिकटतं. मधे बटर पेपर घाला. बटर पेपर लिहून झाल्यावरसुद्धा. गेल्या वर्षी निदान तेवढा घातला असता तरी पत्ते आभाळात गेले नसते.

मग लिहिणं. एका बैठकीत पाच, त्याहून जास्त नाही, पाचही पसरून ठेवायची, रात्रभर. पत्ता आधी, मजकूर नंतर, कारण हात दुखायला लागला की पिनकोड चुकतो. 'यायचंच हं' एवढं लिहिलं तरी पुरतं, लोक फोटो बघतात.

तिकीट आरसीच्या पाठीवर नुसतं ओलं करून चिकटत नाही. तो कोपरा बारीक पॉलिश पेपरनं खरवडा, मग गोंद. हीच युक्ती पत्त्याच्या जागेलाही लागू, शाईला धरायला काहीतरी मिळतं. किती रुपयांचं लावायचं ते कार्ड खिडकीवर दाखवून विचारा, घरी छापलेल्या कार्डाला ५० पैशांचा हिशेब गृहीत धरू नका. रस्त्यावरच्या पेटीत टाकू नका, आमच्या पेटीचं झाकण गंजलंय. हातात द्या.

निदान तीन आठवडे आधी. चार कोरी कार्डं जादा ठेवा, एखादा मामा यादीत राहतोच. आणि त्यांच्याबरोबर तेच पेन ठेवा, टोपण लावून, पोरांच्या दप्तरापासून लांब.