आधी हिशेब, मग गेज

को-पायलट म्हणून रुजू होऊन मला चारच महिने झाले होते. फ्लाइट प्लॅनप्रमाणे ८,४०० किलो इंधन हवं होतं आणि गेजवर, म्हणजे टाकीतलं इंधन दाखवणाऱ्या मापकावर, नेमके ८,४०० दिसत होते. प्रवासी चढायला लागले होते. मी फ्युएल स्लिप, म्हणजे भरलेल्या इंधनाची पावती, सहीसाठी कॅप्टनसमोर धरली.

"आधीचं किती होतं? आणि भरलं किती?"

"सर, गेज बरोबर दाखवतंय."

"गेज मलाही दिसतंय. भरलं किती, ते विचारतोय."

मी हिशेब केलाच नव्हता. तिथेच करायला बसले. आधीच्या फ्लाइटनंतर टाकीत ३,१०० किलो शिल्लक होते. स्लिपवर ६,०५० लिटर आणि घनता ०.७९, म्हणजे एका लिटरचं वजन ०.७९ किलो. म्हणजे भरलेलं इंधन साधारण ४,७८० किलो आणि एकूण ७,८८०. गेज त्यापेक्षा ५२० किलो जास्त दाखवत होतं.

त्यानंतर माझ्या डोक्यात काय चाललं, ते तुम्हा नवीन को-पायलटांना मुद्दाम सांगते, कारण तुमच्याही डोक्यात तेच चालणार आहे. आकडे का जुळत नाहीत, याचा शोध मी घेतच नव्हते. ते जुळतील असं एखादं कारण शोधत होते. आधी म्हणाले, एपीयू (विमान उभं असताना वीज देणारं छोटं इंजिन) चालू होतं. पण एपीयू इंधन जाळतं, त्याने टाकीतलं वाढेल कसं? मग म्हणाले, घनता वेगळी असेल. कॅप्टननी मला उलटा हिशेब करायला लावला. ६,०५० लिटरचे ५,३०० किलो व्हायला घनता ०.८७६ लागते. जेट ए-१ या विमान-इंधनाची घनता १५ अंश सेल्सिअसला ०.७७५ ते ०.८४० या मर्यादेत असावी लागते. म्हणजे तीही सबब गेली. उरल्या दोनच शक्यता: एक तर गेज चुकत होतं, किंवा स्लिप अपुरी होती.

स्लिपच अपुरी निघाली. पहिल्या बाउझरमधलं (इंधनाच्या टँकरमधलं) इंधन संपल्यावर दुसऱ्याने ६६० लिटर भरले होते आणि त्याची स्लिप खालीच राहिली होती. ती मिळाली, आकडे जुळले आणि आम्ही वीस मिनिटं उशिरा निघालो. इंधन पहिल्यापासून पुरेसं होतं. तरीही ती चूक मी चूकच मानते, कारण ते पुरेसं आहे हे मला माहीत नव्हतं. मी फक्त गेज वाचलं होतं.

इंधनाची तपासणी म्हणजे दोन वेगळ्या वाटांनी आलेले दोन आकडे समोरासमोर ठेवणं. एक वाट गेजची. दुसरी शिल्लक अधिक भरलेलं, म्हणजे कागदावरची. दुसरा आकडा पहिल्यावरूनच काढला, तर कागदावर दोन सह्या होतात, पण तपासणी होत नाही.

२३ जुलै १९८३ ची एअर कॅनडाची फ्लाइट १४३ प्रत्येक नवोदिताने कागद-पेन घेऊन सोडवावी. माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला जाणारं बोइंग ७६७. इंधनाचे गेज बंद होते, म्हणून टाक्या ड्रिपस्टिकने, म्हणजे टाकीतलं इंधन मोजायच्या पट्टीने, मोजल्या. ७,६८२ लिटर निघाले. हवे होते २२,३०० किलो. ७६७ त्या कंपनीत नवीन होतं आणि त्याचा हिशेब किलोत होता. बाकीच्या विमानांचा पाउंडात. लिटरला १.७७ ने गुणलं गेलं. हा गुणक पाउंडाचा. किलोसाठी ०.८ च्या आसपासचा हवा होता. ७,६८२ लिटरचे १३,५९७ 'किलो' झाले आणि सुमारे २०,००० लिटर भरायचे तिथे ५,००० पेक्षाही कमी भरले गेले. ओटावाला पुन्हा ड्रिपस्टिक लावली, पण गुणक तोच वापरला. मोजणी दोनदा झाली, तपासणी एकदाही नाही. वाटेत दोन्ही इंजिनं बंद पडली. कॅप्टनना ग्लायडर उडवण्याचा अनुभव होता म्हणून कॅनडातल्या गिमली गावाच्या जुन्या हवाई तळावर विमान उतरलं आणि ६९ च्या ६९ जण वाचले.

आता तो १३,५९७ चा आकडा पुन्हा बघा. जेट इंधन पाण्यापेक्षा हलकं असतं, त्यामुळे किलोचा आकडा लिटरपेक्षा नेहमी लहानच येतो. मोठा आला तर कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा आणि थांबा. ही खूण मला प्रशिक्षणात कोणी सांगितली नव्हती. मी ती गिमलीचा हिशेब सोडवताना शिकले, आणि मला वाटतं ती पहिल्याच दिवशी शिकवली पाहिजे.

गेज चालू असलं म्हणजे धोका टळला, असंही नाही. ६ ऑगस्ट २००५ ला ट्युनिंटर या ट्युनिशियन कंपनीचं एटीआर ७२ विमान इटलीतल्या बारीहून ट्युनिशियातल्या जेर्बाला निघालं होतं. त्यात चुकून एटीआर ४२ या लहान विमानाचा इंधनदर्शक बसवला गेला होता. तो त्या जागी नीट बसत होता, आकडाही दाखवत होता. फक्त प्रत्यक्षातल्यापेक्षा जास्त. विमान पालेर्मोजवळ समुद्रात उतरलं आणि ३९ पैकी १६ जण गेले. बदललेल्या गेजची चूक गेजकडे बघून कळत नाही. ती कळते शिल्लक आणि स्लिप यांच्या बेरजेतून. म्हणून टेक लॉगमध्ये (विमानाच्या दुरुस्तीच्या नोंदवहीत) इंधन यंत्रणेचं काम झाल्याची नोंद दिसली की त्या दिवशीची बेरीज मी दोनदा करते.

बाकी गोष्टी थोडक्यात. फरक किती चालतो याची मर्यादा प्रत्येक कंपनीच्या मॅन्युअलमध्ये असते, ती तोंडपाठ हवी. मध्येच कोणी लोडशीट (विमानातल्या वजनाचा तक्ता) घेऊन आलं आणि हिशेब तुटला, तर सोडला तिथून पुढे जाऊ नका, पहिल्यापासून करा. स्लिपवरचं एकक मोठ्याने वाचा: नुसतं 'सहा हजार पन्नास' नको, 'सहा हजार पन्नास लिटर'. आणि आकडे जुळत नसतील तर 'सर, मला वाटतं...' अशी सुरुवात नको. 'सर, ५२० किलोंचा फरक आहे' एवढं म्हणा. नवीन माणसाला बोलायचा संकोच वाटतो, मलाही वाटायचा. पण आकडा सांगायला ज्येष्ठता लागत नाही.

आता मी डाव्या, म्हणजे कॅप्टनच्या सीटवर बसते. शेजारी नवीन को-पायलट असला की इंधन भरून झाल्यावर मी इंधनाच्या आकड्यावर तळहात ठेवते आणि त्याला विचारते, "किती असायला हवं?" त्याने स्लिपवरून बेरीज करून आकडा सांगितला, की मग हात काढते.