क्लचचं रिलीज बेअरिंग बदलताय? या चुका टाळा

रिलीज बेअरिंग म्हणजे पेडल दाबलं की क्लच सोडवणारं बेअरिंग. पहिली चूक गाडी उघडायच्या आधीच होते, ती म्हणजे आवाज नीट न ऐकणं. हँडब्रेक ओढा, न्यूट्रल, इंजिन चालू, आणि क्लच हळूहळू दाबा. दाबला की खर्रर्र सुरू आणि सोडला की गप्प, तर बहुतेक रिलीज बेअरिंगच. उलटं होत असेल, म्हणजे पाय काढल्यावर आवाज आणि दाबल्यावर शांत, तर संशय गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या (इंजिनची ताकद आत घेणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगवर जातो, आणि ते न बघता नुसतं क्लचचं बदललंत तर खाली उतरवलेला गिअरबॉक्स पुन्हा उतरवायचा.

कारण खरा खर्च बेअरिंगचा नाहीच, गिअरबॉक्स काढण्या-चढवण्याचा आहे. म्हणून "प्लेट अजून चालेल पात्रांव" (म्हणजे शेठ) असं कोणी म्हटलं तरी ऐकू नका, गाडी बरीच पळालेली असेल तर क्लच प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट, बेअरिंग तिन्ही एकदमच बदला. क्रँकचा मागचा ऑइल सील ओला दिसतो का तेही तेव्हाच बघायचं. बेअरिंगला ढकलणाऱ्या फोर्कची टोकं आणि ज्या नळीवर बेअरिंग सरकतं ती नळी झिजून खाच पडली असेल तर नवीन बेअरिंग तिरकं बसतं आणि लवकरच तोच आवाज परत.

आता माझी स्वतःची शहाणपणाची गोष्ट. जुनं बेअरिंग पेट्रोलमध्ये मस्त धुतलं, फिरवून बघितलं, एकदम मोकळं फिरतंय म्हणून खूश होऊन परत बसवलं. हे बेअरिंग सील केलेलं असतं, आतलं ग्रीस आयुष्यभराचं, पेट्रोल आत शिरलं की ते पातळ होऊन निघून जातं. गणपतीच्या चवथीपर्यंत पण टिकलं नाही, सामान आणायला म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला निघालो आणि वाटेतच किंचाळायला लागलं.

ग्रीसचं उलटंही होतं. स्प्लाइनवर, म्हणजे इनपुट शाफ्टच्या खाचांवर, बोटभर ग्रीस फासलं तर ते फिरताना उडून क्लच प्लेटवर जातं आणि क्लच घसरतो. अगदी पातळ हात फिरवा, प्लेट दोनदा मागेपुढे सरकवा, जास्तीचं पुसून टाका. नळीला प्लास्टिकची स्लीव्ह असेल तर आधी मॅन्युअल बघा, काही ठिकाणी ग्रीस नको असतं.

प्लेट उलटी बसवू नका, फ्लायव्हीलकडची (इंजिनच्या जड चाकाकडची) बाजू बहुतेक प्लेटवरच लिहिलेली असते. सेंटर करायला डमी शाफ्ट वापरा, अंदाजे नको. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे कसा. गिअरबॉक्स नीट बसत नसेल तर बोल्टने ओढून आणायचा नाही, आणि इनपुट शाफ्टवर लटकत तर अजिबात ठेवायचा नाही, प्लेटचा हब (मधला भाग) वाकतो. हायड्रॉलिक क्लचच्या गाडीत बेअरिंग ढकलणारा सिलिंडर गिअरबॉक्सच्या आतच असेल तर गिअरबॉक्स खाली असताना कोणालाही पेडल दाबू देऊ नका, पिस्टन बाहेर येतो.

आणि हो, अंगणात चिरे रचून त्यावर गाडी टेकवायची सवय आपल्याकडे फार आहे. चिरा वजनाखाली फुटतो बाबा, जॅक स्टँडच लावा.

चाकाचे शाफ्ट काढताना गिअर ऑइल सांडतं, ते परत भरायला विसरू नका. शेवटी केबलवाली गाडी असेल तर पेडलचा मोकळा खेळ मॅन्युअलप्रमाणे लावा, खेळच नसेल तर बेअरिंग सतत चिकटून फिरत राहतं. चोर्ला घाटात ट्रकमागे हाफ क्लचवर चढवत राहिलात तर नवीन प्लेटपण जळेल.