पासपोर्टवर नवऱ्याचं नाव, पदवीवर वडिलांचं

"ताई, आपला ॲक्सेंट चालेल का तिकडे?" हा परदेशी इंग्रजी शिकवायला जाऊ पाहणाऱ्यांचा प्रश्न मला इतक्यांदा आलाय की हल्ली मी उलट विचारते, "तुमच्या पदवी प्रमाणपत्रावर नाव काय आहे, ते आधी वाचून दाखवा." समोरचं माणूस गोंधळतं. मीही अशीच गोंधळले होते. २०१९ चा जून, व्हिएतनामच्या हायफाँग शहरातलं एक इंग्रजी सेंटर, जिथे मी शिकवायला गेले होते, आणि माझ्या हातात कराडहून आणलेली प्लास्टिकची फाइल.

त्याकडे येतेच. आधी ॲक्सेंटचं उरकू, कारण ते ऐकल्याशिवाय तुमचं पुढे लक्ष लागणार नाही.

मी दहावीपर्यंत मराठी माध्यमाची. पहिलीपासून इंग्रजी महाराष्ट्रात २००० साली आलं, त्यामुळे आमच्या वाट्याला एबीसीडी आली ती थेट पाचवीत. पुढे इंग्रजीत एम.ए. केलं आणि सहा वर्षं सीएचबीवर, म्हणजे तासागणिक मानधनावर, शिकवलं. तासिका तत्त्व म्हणजे काय, हे ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको. बाकीच्यांना सांगून कळणार नाही. व्हिएतनामला जायचं ठरल्यावर पहिलं काम काय केलं असेल, तर पुण्यात बावीस हजार भरून ॲक्सेंट सुधारण्याचा क्लास लावला. तीन महिने 'वॉटर'चं 'वॉडर' करत बसले. ते बावीस हजार आजही डोळ्यांसमोर येतात.

कारण हायफाँगच्या वर्गात भलताच प्रश्न होता. तिथली मुलं शब्दाचं शेवटचं व्यंजन गिळतात. 'लाइक', 'लाइफ', 'लाइट' तिन्ही ऐकायला 'लाय'. त्यांच्या भाषेत शब्दाच्या शेवटी मोजकीच व्यंजनं येतात आणि तीही अर्धवट सोडलेली. आपण मराठी माणसं शेवटचा क, फ, ट ठणठणीत वाजवतो. म्हणजे त्या पोरांना जे हवं होतं ते माझ्याकडे फुकट होतं, आणि मी मात्र ते पुसायला पैसे भरून आले होते.

तरी आपल्यात खोट नाही असं समजू नका. आपण 'व्ही' आणि 'डब्ल्यू' एकाच 'व'वर भागवतो. 'एफ'ला वरचे दात खालच्या ओठावर यायला हवेत, तिथे आपण ओठ मिटून 'फ' सोडतो. 'झेड'चा 'झ' करतो, त्यामुळे 'झू' म्हटलं की पोरं बघत राहतात. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे आघात. 'डेव्हलप'मध्ये जोर दुसऱ्या अक्षरावर पडतो. आपण एकतर पहिल्यावर टाकतो नाहीतर सगळ्यांवर सारखा, पोथी वाचल्यासारखा. या चार गोष्टी फोनवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून दोन महिन्यांत सुधारतात. क्लास लागत नाही. बाकीचा हेल राहू द्या, तो कुणाच्या आड येत नाही.

आता जे कुणी तोंडावर सांगत नाही ते. जाहिरातीत 'नेटिव्ह स्पीकर' लिहिलेलं असतं तेव्हा बहुतेक वेळा कान नाही, पासपोर्ट मोजला जातो. दक्षिण कोरियाचा ई-२, म्हणजे तिथे भाषा शिकवायचा व्हिसा, उदाहरण म्हणून घ्या. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका, इंग्रजीसाठी या सात देशांचेच पासपोर्ट चालतात. कोरियाचा भारताबरोबरचा आर्थिक भागीदारी करार २०१० पासून लागू आहे आणि त्यात शिक्षक-पात्रता असलेल्या भारतीयांसाठी सहायक शिक्षक म्हणून एक फट ठेवलेली आहे, पण त्या फटीतून गेलेलं कुणी मला अजून भेटलेलं नाही. जपानची अट वेगळी आहे. मातृभाषा इंग्रजी नसेल, तर इंग्रजी माध्यमात बारा वर्षं शिकल्याचा पुरावा लागतो. कॉन्व्हेंटवाल्यांनो, तुम्ही सुटलात. माझ्यासारख्यांनी तिकडे अर्ज करून वेळ घालवू नये. सेमी-इंग्रजीवाल्यांनी 'आमचं गणित-विज्ञान इंग्रजीत होतं' म्हणून वाद घालू नये, मी एकाला घालताना पाहिलंय.

व्हिएतनाम त्या मानाने सरळ. माझ्या वेळच्या नियमाप्रमाणे सेंटरमध्ये शिकवायला तीन गोष्टींची गरज होती: पदवी, शिकवण्याचं प्रमाणपत्र, आणि आपण नेटिव्ह नसलो तर इंग्रजी सी-१, म्हणजे चांगल्या प्रगत पातळीचं असल्याचा दाखला. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत सात बँड आले की झालं. फक्त तो निकाल दोनच वर्षं चालतो. लवकर देऊन ठेवू नका.

पगारात फरक असतो, हे ऐकून ठेवा. माझ्या शेजारच्या वर्गात लिव्हरपूलचा एक तेवीस वर्षांचा मुलगा होता. पदवी कसल्याशा क्रीडा-व्यवस्थापनातली. त्याला ताशी साडेचार लाख डाँग (तिथलं चलन), मला दोन लाख ऐंशी हजार. 'इफ'च्या वाक्यात 'वुड' का येतं, ते तो मला पॅसेजमध्ये विचारून वर्गात जायचा. मुलगा चांगला होता, त्याच्यावर माझा राग नाही. पण पहिल्या महिन्याचं पाकीट उघडलं तेव्हा रडले होते. ब्रज काचरू या काश्मिरी भाषाशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये इंग्रजीची तीन वर्तुळं मांडली: आतलं, म्हणजे इंग्रजी मातृभाषा असलेले देश; बाहेरचं, म्हणजे जिथे ती इंग्रजांच्या राज्याबरोबर आली ते; आणि विस्तारणारं, म्हणजे जिथे ती परकी भाषा म्हणून शिकतात ते. भारत बाहेरच्यात. एम.ए.ला हे मी पाठ करून लिहिलं होतं. वर्तुळांमधलं अंतर ताशी एक लाख सत्तर हजार डाँग असतं, हे मात्र परीक्षेत विचारत नाहीत.

एकदा मॅनेजरने पालकांसमोर सांगून टाकलं की ही टीचर लंडनमध्ये वाढलेली आहे. मी मान हलवली. नंतर सात वर्षांच्या एका मुलीने विचारलं, लंडनमध्ये बर्फ कसा असतो. मी तिला महाबळेश्वरचं धुकं वर्णन करून सांगितलं. तुम्ही मान हलवू नका. एकदा हलवली की सहा महिने बर्फ पाडत बसावं लागतं.

आणि एक गंमत. हायफाँग आणि आसपासची बरीच माणसं स्वतःच्या भाषेत 'ल' आणि 'न'ची अदलाबदल करतात. हनोईकडची त्यावरून त्यांना हसतात. हे कळलं त्या दिवशी मी आमच्या सहायक शिक्षिकेला सांगितलं की मी पुण्यात एम.ए. करताना 'पाणी'ला 'पानी' म्हणाले म्हणून अख्खं हॉस्टेल हसलं होतं. तिला ण आणि न मधला फरक ऐकूच येईना. दहा मिनिटं आम्ही दोघी 'पाणी, पानी' करत बसलो. त्यानंतर तिने माझ्या व्ही-डब्ल्यूवर लक्ष ठेवायचं आणि मी तिच्या एल-एनवर, असा करार झाला. बावीस हजारांच्या क्लासपेक्षा त्या कराराने जास्त काम केलं.

आता ती फाइल.

माझ्या पदवीवर आडनाव आधी, मग माझं नाव, मग वडिलांचं. सगळं माहेरचं. पासपोर्ट लग्नानंतर काढलेला. त्यावर माझं नाव, पुढे नवऱ्याचं, आणि सासरचं आडनाव. आपल्याकडे यात कुणाला काही वावगं वाटत नाही. बँकेत, रेशन कार्डावर, कॉलेजात, कुठेही 'लग्नानंतरचं नाव' एवढं म्हटलं की काम होतं. सेंटरच्या ऑफिसातल्या मुलीने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि म्हणाली, "ही दोन माणसं आहेत." मी म्हटलं, लग्न झालं. ती म्हणाली, "मग?"

व्हिएतनाममध्ये लग्नानंतर बाईचं नाव बदलत नाही. आडनाव आधी लिहायची त्यांचीही पद्धत, तेवढं तिला लगेच समजलं. पण मधलं नाव वडिलांचं होतं ते नवऱ्याचं कसं झालं, हे तिला कितीही सांगितलं तरी पटेना. तीन शब्दांतले दोन बदललेले. उरलेल्या एका शब्दाच्या जोरावर वर्क परमिट कोण देईल?

नीट समजून घ्या, कारण इथेच माझे अकरा आठवडे गेले. वर्क परमिटला पदवीची नुसती झेरॉक्स चालत नाही. मूळ पदवीवर आधी राज्याच्या उच्च शिक्षण विभागाचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, मग व्हिएतनामच्या वकिलातीचा, आणि तिथे पोचल्यावर व्हिएतनामी भाषांतर करून त्याचं नोटरीकरण. मधला एकही टप्पा तेव्हा गाळता येत नव्हता. आमच्या एजंटने अपोस्टिलचा स्टिकर लावून 'झालं काम' म्हणून सांगितलं होतं. अपोस्टिल म्हणजे कागद खरा असल्याचा एकच शिक्का, पण तो हेग करारातल्या देशांनाच चालतो. भारत त्यात २००५ पासून आहे, व्हिएतनाम २०१९ मध्ये नव्हता. म्हणजे तेही पुन्हा. आणि दोन नावांची सांगड घालायला नोटरीचं प्रतिज्ञापत्र पुरलं नाही. त्यांना विवाह नोंदणी प्रमाणपत्र हवं होतं आणि त्याच्यावरही हीच सगळी शिक्क्यांची माळ. नशीब, आमच्या प्रमाणपत्रावर माझं माहेरचं पूर्ण नाव छापलेलं होतं. माझ्या मैत्रिणीच्या प्रमाणपत्रावर वडिलांच्या नावाचं फक्त आद्याक्षर होतं, ती बिचारी आणखी एक फेरा फिरली. मी हायफाँगमध्ये आणि माझे धाकटे दीर कराड-मुंबई एसटीत, असा तो पावसाळा गेला.

त्या अकरा आठवड्यांत सेंटर म्हणालं, तोवर शिकवा, कुणी तपासत नाही. मी दोन आठवडे शिकवलं, खोटं कशाला बोलू. मग एका संध्याकाळी 'तपासणी आलीय' अशी कुजबुज झाली आणि मला मागच्या जिन्याने पावसात बाहेर काढलं. स्कूटरच्या पार्किंगमध्ये उभी राहून मी विचार करत होते की बत्तीस वर्षांची, एम.ए. झालेली बाई इथे लपून का उभी आहे. दुसऱ्या दिवसापासून गेले नाही. परमिटशिवाय शिकवताना सापडलात तर घरी पाठवतात, आणि सेंटर तुम्हाला ओळखही दाखवत नाही. यावर मला कुणाशी चर्चा करायची नाही.

घाबरून जाऊ नका मात्र. हे सगळं घरबसल्या आधी करता येतं आणि आधी केलं तर कंटाळवाणं आहे, एवढंच. आजच कपाट उघडा. पदवी प्रमाणपत्र आहे का? गुणपत्रिका नव्हे, उत्तीर्ण झाल्याचं तात्पुरतं प्रमाणपत्र नव्हे, खरी पदवी. आपल्यातल्या निम्म्या लोकांनी ती विद्यापीठातून कधी आणलेलीच नसते. मीही सात वर्षांनी आणली. मग पदवी, पासपोर्ट, अनुभवपत्र आणि विवाह प्रमाणपत्र शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. लग्नात तुमचं पहिलं नावही बदललं असेल, तर राजपत्रातली नोंद शोधा. पुरुषांनो, हसू नका. 'राव', 'कुमार' आणि स्पेलिंगमधला जादा 'ए' यांनी तुमच्यातलेही कितीतरी अडकलेले आहेत.

शिकवण्याच्या प्रमाणपत्राबद्दल थोडक्यात. कूपन लावून दीड हजारात मिळणारा १२० तासांचा ऑनलाइन कोर्स मीही केला. परमिटच्या फाइलला तो चालला, वर्गात त्यातलं काहीच चाललं नाही. २०२२ मध्ये सेल्टा हा केंब्रिजचा इंग्रजी शिकवण्याचा कोर्स केला. चार आठवडे, खऱ्या विद्यार्थ्यांसमोर सहा तास शिकवणं आणि पाठीमागे बसून प्रत्येक वाक्य लिहून घेणारा परीक्षक. लाखाच्या वर खर्च आला. माझ्या मते पहिल्याच वर्षी कर्ज काढून करू नये. आधी तिथे टिकतो का ते बघावं. आणि बी.एड. असेल तर भाषा सेंटरच्या मागे न लागता आंतरराष्ट्रीय शाळांकडे बघा. तिथे बी.एड.ला जो मान आहे तो आपल्याकडे शिक्षक भरतीच्या रांगेत उभं राहून कळत नाही.

गुरू कुणाला करावं? व्हिडिओ करून 'माझ्या लिंकवरून कोर्स घ्या' म्हणणाऱ्याला तर मुळीच नको. मला वाट दाखवली ती सेबू बेटावरच्या एका फिलिपिनो बाईने. अकरा वर्षं व्हिएतनाममध्ये शिकवत होती, लिव्हरपूलवाल्यापेक्षा कमी पैशांत, आणि तिच्याकडे प्रत्येक कागदाच्या सहा प्रती वेगवेगळ्या रंगांच्या फोल्डरमध्ये होत्या. परमिट दोन वर्षांच्या पुढे मिळत नाही, संपायच्या आधी तीन महिने कामाला लाग, हे तिनेच सांगितलं. ॲक्सेंटबद्दल तिने मला कधीच काही विचारलं नाही.

आता माझा पासपोर्ट नूतनीकरणाला आलाय. मनात होतं की माहेरचं नाव परत लावून टाकावं, म्हणजे पदवीशी कायमचं जुळेल. फॉर्म भरायला बसले तेव्हा लक्षात आलं की गेल्या काही वर्षांची अनुभवपत्रं, दोन्ही परमिट आणि सेल्टा, सगळं सासरच्या नावावर आहे. फॉर्म तसाच टेबलावर पडलाय.