गाडीतल्या ॲम्प्लिफायरचा गेन कसा लावावा आणि शिट्टी कशी शोधावी

गाणं थांबवलं तरी स्पीकरमधून बारीक ‘सूंऽऽ’ येतच राहतं? मग बहुतेक वेळा गेन गरजेपेक्षा जास्त फिरवलेला असतो. गेन हे आवाज वाढवायचं बटण नाही. स्टिरिओकडून येणाऱ्या सिग्नलच्या व्होल्टेजशी ॲम्पचा मेळ घालण्यासाठी ते दिलेलं असतं. स्टिरिओ हळू आणि गेन चढा ठेवला, की गाण्यासोबत वाटेतली खरखरही तेवढ्याच पटीने मोठी होते. म्हणून स्टिरिओकडून दमदार सिग्नल घ्या आणि गेन लागेल तेवढाच ठेवा.

ॲम्प बंद करून स्पीकरच्या तारा काढा. गेन पूर्ण खाली आणा. बेस बूस्ट आणि लाउडनेस बंद करा, इक्वलायझर सपाट ठेवा. इंजिन (मोकळ्या जागेतच) आणि ॲम्प चालू करून स्टिरिओचा आवाज कमाल मर्यादेच्या तीन चतुर्थांशावर न्या. ४० पर्यंत जात असेल तर ३०. आता ० डीबीची टेस्ट टोन (पूर्ण पातळीवर रेकॉर्ड केलेला एकसारखा सूर) लावा: सबवूफरसाठी ५० हर्ट्झ, इतर स्पीकरसाठी १ किलोहर्ट्झ. काही स्वस्त मल्टिमीटर १ किलोहर्ट्झला चुकीचं रीडिंग देतात, तेवढं आधी तपासून घ्या.

मग छोटासा हिशेब. वॅट गुणिले ओहम आणि त्याचं वर्गमूळ. १०० वॅट आणि ४ ओहम असतील तर ४०० चं वर्गमूळ, म्हणजे २० व्होल्ट. वॅट आरएमएसच (सतत पेलता येणारी शक्ती) धरा, खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला ‘मॅक्स’ आकडा नव्हे. ॲम्प आणि स्पीकर यांपैकी ज्याचा आकडा लहान, तो घ्या. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून त्याच्या पिना ॲम्पवरच्या स्पीकर टर्मिनलला लावा, गेन अगदी हळू चढवा आणि २० दिसताच हात काढा. त्यापुढे गेलात तर सिग्नलची टोकं छाटली जाऊ शकतात, आणि असा छाटलेला आवाज ट्विटरची (बारीक सुरांच्या छोट्या स्पीकरची) कॉइल जाळू शकतो. स्पीकर परत जोडण्याआधी टोन बंद आणि ॲम्पही बंद.

एवढं करूनही आवाज उरला, तर तो नीट ऐका. ॲक्सिलरेटर दाबला की चढत जाणारी शिट्टी ही आल्टरनेटरची (इंजिनवर चालून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरची) खूण, आणि ती शिरते बहुतेक खराब अर्थिंगमधून, म्हणजे ॲम्पची अर्थ वायर गाडीच्या पत्र्याला जिथे जोडलेली असते तिथून. ॲम्प बंद करून त्यातून आरसीए केबल (स्टिरिओचा सिग्नल ॲम्पकडे आणणारी) उपसा आणि ॲम्प पुन्हा चालू करा. शिट्टी गेली तर ती केबल किंवा स्टिरिओच्या बाजूने येत होती. राहिली तर ॲम्पची अर्थ आणि पॉवरची वायर पाहा.

माझ्या गाडीत मी दोन दिवस आरसीए केबल बदलत बसलो होतो. अर्थचा बोल्ट चांगला घट्ट होता, पण त्याच्याखाली रंगाचा थर तसाच होता. पॉलिश पेपरने नाण्याएवढी जागा पत्रा चकाकेपर्यंत घासली, बोल्ट पुन्हा आवळला आणि शिट्टी गेली. तेव्हापासून मी अर्थिंग सगळ्यात आधी पाहतो. अर्थची वायर पॉवरच्या वायरइतकीच जाड आणि शक्यतो अर्ध्या मीटरच्या आत ठेवा. सीटबेल्टच्या बोल्टला मात्र ती कधीही लावू नका.

आरसीए आणि पॉवरची वायर गाडीच्या दोन वेगळ्या बाजूंनी न्या. कुठे एकमेकींना ओलांडावंच लागलं, तर काटकोनात ओलांडू द्या.