कोकणातनं नागपुरात येताय आणि गरी सोबत आणताय, तर हे आधी वाचा

दरवर्षी आपल्याकडची चारदोन पोरं इकडे येतातच, कुणाला मिहानमध्ये नोकरी लागते कुणाला बुटीबोरीला, आणि खोली मिळाली गॅस मिळाला की तिसऱ्या रविवारी फोन येतो, दादा इथे गरवायला, म्हणजे गरीने मासे धरायला, कुठे जायचं. मी मूळचा देवगडचा, 2009 पासून नागपुरात आहे, आणि हेच सगळं तुकड्यातुकड्याने इतक्या जणांना सांगून झालंय की आता एकदाच सविस्तर लिहून ठेवतो.

पहिली गोष्ट सामानाच्या आधीची आहे. आपल्याकडे खडपावर बसून गरी टाकली तर कुणी विचारत नाही, समुद्रातला मासा कुणाचाच नसतो, लागला त्याचा. इथे तसं नाही. इथला तलावातला मासा बहुतेक वेळा पेरलेला असतो, अगदी शेतात धान पेरावं तसा. गावागावात ढीवर लोकांच्या मच्छीमार सहकारी संस्था असतात, त्या तलाव ठेक्याने घेतात, पावसाळ्यात रोहू कटला मृगळ यांची बोटुकली म्हणजे बोटभर पिल्लं विकत आणून पाण्यात सोडतात, ती वाढेपर्यंत राखण करतात आणि मग हिवाळा-उन्हाळ्यात जाळी लावतात. त्यांच्या घरचा वर्षाचा खर्च त्यावर असतो. भंडारा गोंदियाकडे गेलात तर जुने मामा तलाव दिसतील, मामा म्हणजे माजी मालगुजारी. जुन्या काळी कोहळी लोकांनी बांधलेले हे तलाव मालगुजारांच्या, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या ताब्यात होते, 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले, पण त्यात मासे धरणारे हात आजही ढीवरांचेच आहेत.

मला हे माहीत नव्हतं. पहिल्याच वर्षी उमरेड रोडच्या बाजूला एका तलावावर सकाळी जाऊन बसलो, दोन रोहू लागले, खूष होतो, तेवढ्यात एक वयस्कर काका सायकलवरून आले, सायकल झाडाला टेकवली आणि शांतपणे म्हणाले, "हे मासे आपोआप आले काय भाऊ? बीज आमी टाकलं न." भांडले नाहीत, ओरडले नाहीत, आणि त्यामुळेच ते मनाला जास्त लागलं. मासे त्यांच्यापुढे ठेवले, त्यांनी एक ठेवून घेतला, दुसऱ्याचे पैसे मी दिले. नंतर त्याच काकांनी मला इथलं पाणी शिकवलं. तेव्हा कुठेही जा, आधी गावात जाऊन विचारा की तलाव कोणत्या संस्थेचा आहे, अध्यक्षांना भेटा, गळाची परवानगी मागा. कुठे दिवसाचे पैसे घेतात, कुठे किलोवर घेतात, कुठे नाही म्हणतात. नाही म्हणाले तर परत या, हुज्जत घालू नका.

आणि जिथे विचारायचाच प्रश्न नाही तिथे जाऊच नका. तोतलाडोहचं पाणी कितीही मोहात पाडणारं असलं तरी ते पेंच व्याघ्र प्रकल्पात आहे, तिथे मासेमारी बंद. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याच्या कडेच्या पाण्याचंही तेच, बोर्ड बघूनच पाय टाका. काही जण गावाकडनं एअरगन किंवा फासकी घेऊन येतात, इथे जंगल आहे म्हणजे ससा तितर मिळेल म्हणून. 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे, ससा तितर घोरपड रानडुक्कर कशालाही हात लावायचा नाही, जामीन मिळवताना नोकरी जाईल. गळाला चुकून कासव लागलं तर हूक जपून काढा, निघत नसेल तर दोरी तोंडाजवळ कापा आणि सोडून द्या, घरी पाळायलाही आणू नका.

आता सामान. तुम्ही जे आणाल ते बहुतेक बारा फुटी कोस्टल रॉड, सहा हजारी रील (हा आकाराचा नंबर, किंमत नव्हे), शंभर ग्रॅमचं शिसं, स्टीलचा लीडर म्हणजे गरीच्या आधीची तार आणि मोठ्या गऱ्या असं असणार. टाकून देऊ नका, पण हे सगळं लाटांशी आणि ओढीशी लढायला केलेलं सामान आहे, इथे लाट नाही ओढ नाही. मी पहिल्यांदा तेच शंभर ग्रॅमचं शिसं तलावात फेकलं, धप्पकन आवाज आला आणि पलीकडे बसलेला एक पोरगा म्हणाला, "एवढा गोटा कायले फेकता भाऊ, मासे पयाले न सारे." खरंच पळाले, तासभर काही नाही. शांत पाण्यात एवढ्या आवाजाने मासे बिथरतात.

तर रॉड सात ते नऊ फुटी मीडियम घ्या, रील अडीच-तीन हजारी पुरे. दोरी 0.28 ते 0.35 मिलिमीटरची नायलॉन, आपली जाड दोरी रोहूला दिसते आणि तो चारा सोडून जातो. शिसं दहा-वीस ग्रॅम, तरंग्यावर असाल तर दाण्याएवढं. हूक चार ते आठ नंबर, आणि धार नखावर घासून बघा, सरकला तर बोथट आहे. स्टील लीडर सरळ बॅगेत ठेवा, रोहू कटल्याला तोंडात दात नसतात, गळ्याच्या आत असतात, ते दोरी तोडत नाहीत. ड्रॅग म्हणजे रीलचा ब्रेक मात्र आपल्याकडच्यापेक्षा सैल ठेवा, चार किलोचा रोहू पहिली धाव घेतो तेव्हा पातळ दोरी घट्ट धरली तर तिथेच तुटते. बारा फुटी रॉडसुद्धा वाया नाही जात, गोसीखुर्द धरणासारख्या मोठ्या पाण्यावर वारा समोरून असला की लांब फेकायला तोच कामी येतो, फक्त शिसं चाळीसच्या वर नेऊ नका.

मीठ नाही म्हणून सामान धुवायचं सोडू नका. इथे मीठ नाही पण काळ्या मातीचा चिखल रीलच्या आत जाऊन वाळला की सिमेंटसारखा बसतो. आणि दोरी गच्चीवर किंवा गाडीत ठेवू नका, उन्हाने नायलॉन ठिसूळ होतं, इथल्या एका उन्हाळ्यात माझी नवी दोरी हाताने तुटायला लागली होती.

चाऱ्याबद्दल जरा जास्त लिहितो कारण सगळ्यात मोठा बदल इथे आहे. आपल्याला कोळंबी, बोंबलाचा तुकडा, मांदेली लावायची सवय. रोहू कटला मृगळ यांना त्याचं फारसं काही नाही, त्यांना पीठ लागतं. माझं प्रमाण असं, दोन वाट्या कणीक, एक वाटी शेंगदाण्याची ढेप म्हणजे पेंड कुटून, मूठभर मुरमुऱ्याचा चुरा, चिमूटभर हिंग, आणि पाणी त्याच तलावाचं. पुरीच्या कणकेपेक्षा घट्ट मळायचं, अर्धा तास ओल्या फडक्यात झाकून ठेवायचं. मग बोराएवढी गोळी करून ग्लासभर पाण्यात टाकायची आणि दहा मिनिटं बघायचं. लगेच विरघळली तर कणीक वाढवा, दगडासारखी तशीच राहिली तर मुरमुरे वाढवा, कडेने हळूहळू सुटायला लागली पण मधे धरून राहिली की बरोबर जमलं. हूकवर लावण्याआधी चारपाच सुट्या गोळ्या त्याच जागी टाकून अर्धा तास थांबायचं. हे थांबणं आपल्याला जड जातं, भरती चढायला लागली की हात शिवशिवतात, पण इथे मासा आधी जागेवर बोलवावा लागतो.

तिघांची जेवायची जागा पण वेगळी. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या थरात, मृगळ तळाशी. म्हणून तरंग्याची खोली बदलत बघायची. तळाशी मृगळ किंवा सायप्रिनस (कॉमन कार्प मासा) उकरत असेल तर वर बारीक बुडबुड्यांची रांग येते, पाणी न्याहाळायला शिका. आणि चावा आपल्यासारखा हिसका नसतो. तरंगा कधी दोनदा टिचकतो, कधी बुडतच नाही, उलट वर उचलला जाऊन आडवा पडतो, कारण माशाने गोळी तळावरून उचलली आणि शिशाचं वजन तरंग्यावरून गेलं. नवीन माणूस तो बुडायची वाट बघत बसतो आणि गोळी जाते. आडवा पडला की मनगटाने हलकं उचला, खेचू नका.

वेळेचं गणित पूर्ण बदलतं. आपण तिथी बघून जायचो, अमावास्या पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग म्हणजे कमी भरती-ओहोटी, इथे त्या तिथीचा काही उपयोग नाही, इथे सूर्य बघायचा आणि वारा बघायचा. वारा ज्या काठावर धडकतो तिकडे खाणं गोळा होतं, तोंडावर वारा येतो म्हणून कंटाळा येतो पण बसायचं तिथेच. एप्रिल-मे मध्ये पारा 45 च्या आसपास जातो, तेव्हा पहाटे साडेपाच ते आठ एवढंच, नंतर पाणी तापतं मासाही खात नाही आणि तुम्हाला ऊन लागेल ते वेगळं, डोक्याला दुपट्टा आणि दोन लिटर पाणी याशिवाय निघू नका. डिसेंबर-जानेवारीत उलट, पहाटे कुडकुडत जायची गरज नाही, पाणी गार असतं, दहा नंतर ऊन तापलं की मासा हलतो. सगळ्यात चांगले दिवस ऑक्टोबर-नोव्हेंबरचे. पावसाळ्यात रोहू कटला वाहत्या पाण्यात वर चढून अंडी घालतात, गाभोळीने भरलेली मादी ओढ्यात उथळ पाण्यात हाताने धरता येते आणि लोक धरतातही, तुम्ही धरू नका. आपल्याकडे 1 जून ते 31 जुलै होड्या किनाऱ्याला लागतात ना, तीच शिस्त इथे आपण आपली पाळायची.

मरळीचं वेगळं सांगतो. हा शिकारी मासा, शेवाळात जलकुंभीच्या कडेला बसतो, आणि हवेत श्वास घ्यायला वर येतो, गुळूप असा आवाज होतो तो ओळखता आला पाहिजे. याला रबरी बेडूक, जाड ब्रेडेड दोरी आणि ताठ रॉड, इथे तुमचं कोकणातलं दणकट सामान एकदाचं उपयोगी पडतं कारण लागला की सरळ गवतात घुसतो. पण पावसाळ्यात पाण्यावर तांबूस-केशरी पिल्लांचा गोळा फिरताना दिसला तर बेडूक टाकू नका. खाली आईबाप राखणीला असतात, ते भुकेने नाही तर पिल्लांसाठी कशावरही तुटून पडतात, त्यामुळे लगेच लागतात, आणि ते गेले की बाकीचे मासे तो पूर्ण गोळा खाऊन टाकतात. मी एकदा लावलाय. दहा मिनिटांत तो केशरी गोळा फाटत फाटत नाहीसा झालेला डोळ्यांनी बघितलाय, म्हणून एवढं कळकळीने सांगतोय.

शिंगाड्याबद्दल गोंधळ होऊ देऊ नका, इथे शिंगाडा मासाही आहे आणि तलावात लावलेला शिंगाड्याचा वेलही, तो वेल पीक आहे, त्यात गळ टाकून ओढाताण करायची नाही.

जिवाच्या काही गोष्टी. विदर्भात जूनमध्ये आणि परतीच्या पावसात विजा फार पडतात, ग्रॅफाइटचा रॉड हातात उभा धरून काठावर उभं राहणं म्हणजे स्वतःहून आमंत्रण, गडगडाट ऐकला की रॉड आडवा जमिनीवर ठेवा, पाण्यापासून आणि एकट्या झाडापासून लांब व्हा. कन्हानमध्ये रेती उपशाने खड्डे झालेत, गुडघाभर पाण्यात चालता चालता पुढचं पाऊल डोक्याएवढ्या पाण्यात पडतं, आणि वरच्या धरणाचे दरवाजे उघडले की नदी चढते, आपण समुद्रात पोहलोय म्हणून इथे उतरू नका. जुन्या खदानींच्या पाण्यात तर अजिबात नाही, काठ सरळ तुटलेला असतो, वर यायला धरायला काही नसतं. घोणस काठच्या गवतात असते, बूट घाला, चप्पल काळ्या मातीत तशीही राहत नाही. आणि नाग नदीतला मासा खाऊ नका, शहराचं सांडपाणी आहे त्यात.

राहिलं खायचं. पहिल्यांदा रोहू आणाल तेव्हा घरचे म्हणतील मातीचा वास येतो, आणि येतोच, गोड्या पाण्यातल्या शेवाळ-जिवाणूंमुळे जिओस्मिन नावाचं द्रव्य माशाच्या अंगात उतरतं. आंबटाने ते मोडतं. इथले लोक लिंबू लावतात, मी गावाहून येताना आगळाची, म्हणजे कोकमाच्या आंबट रसाची बाटली आणतो. तुकड्यांना मीठ हळद चोळायची, वरून दोन चमचे आगळ, वीस मिनिटं ठेवून पाणी काढून टाकायचं, मग एकदा साध्या पाण्याने धुवायचं. पोटातली काळी पातळ साल नखाने खरवडून पूर्ण काढा, कडवटपणा तिच्यात असतो. नारळाचं वाटण रोहूला मला तरी नाही आवडलं, मासा पचपचीत लागतो. खसखस, सुकं खोबरं, काळा मसाला असं इथल्या पद्धतीचं झणझणीत करा, त्रिफळं बांगड्यासाठी ठेवा. काटे बारीक आणि दोन तोंडी असतात, लहान मुलांना पोटाकडचा तुकडा द्या, तिथे मोठेच काटे असतात, बोटाला लागतात. आणि ज्या गावच्या तलावाचा मासा असेल तिथल्या काकांना पुढच्या खेपेला चार आमसुलं नेऊन द्या, माझ्या काकांच्या घरी आता मरळीच्या रश्शात आमसूल पडतं, संपलं की त्यांचाच फोन येतो, गावाले कधी जाता म्हणून.